स्पॅनिशचा डबल र जमत नाहीये, तो आपल्या तर्रीतलाच र्र आहे का?

चोपडेकर_ठिबकवाला

रामराम मंडळी. आधीच सांगून ठेवतो, मी काही भाषेचा मास्तर नाही, चोपड्यात ठिबक-पाइपचं दुकान आहे, आणि रात्री शटर ओढल्यावर तासभर मोबाईलवर स्पॅनिश शिकतो. का शिकतो विचारू नका, लॉकडाऊनमधे लागलेलं खूळ आहे, लोकांनी तेव्हा घरी केक केले, मी हे केलं.

तर अडचण अशी की स्पॅनिशमधे दोन र आहेत. पेरो म्हणजे 'पण', पेर्रो म्हणजे कुत्रा. कारो म्हणजे महाग, कार्रो म्हणजे गाडी. मी मोबाईलसमोर 'माझ्याकडे कुत्रा आहे' म्हणतो, त्याला ऐकू येतं 'माझ्याकडे पण आहे', की लगेच लाल फुली. तीन आठवडे झाले. र लांबवून बघितला, जोरात म्हणून बघितला, एकदा तर घशातून काढून बघितला, तेव्हा आतून आवाज आला की अहो झोपा आता, गल्लीतली खरी कुत्री भुंकायला लागली.

मला विचारायचं ते हे की डबल र म्हणजे नुसता जास्त वेळ म्हटलेला र का? किती जास्त? आणि आपल्याकडे शेवभाजीवर येते ती तर्री, आणि 'आलास तरी' मधला तरी, हा तोच फरक आहे का? असेल तर मग मला जमायला पाहिजे ना भो, तर्री तर मी रोज खातो.

नाना_धुळे

एवढं काय त्यात. पता आणि पत्ता. एका त च्या जागी दोन त. तसंच एका र च्या जागी दोन र. जेवढा वेळ एक र लागतो त्याच्या दुप्पट धर, झालं काम. जोडाक्षरं शाळेत शिकवली होती की नाही?

अमळनेरची_बोलीवेडी

नाना, पत्त्याचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, कारण गोची नेमकी तिथेच आहे. त धरून ठेवता येतो. जीभ दातांमागे चिकटवून बसलात की बसलात, हवा अडून राहते, सोडाल तेव्हा सुटते, दुप्पट धरा नाहीतर चौपट. र धरता येत नाही. आत्ता करून बघा, 'तरी' म्हणताना र वर जीभ लागली की तिथेच थांबा. थांबलात की तो र राहतच नाही, द-ड सारखं काहीतरी होऊन बसतं. कारण साधा र म्हणजे कॅरमच्या स्ट्रायकरला मारलेली टिचकी. जिभेचं टोक वरच्या हिरडीला जेमतेम लागतं आणि परत येतं, लागलेलं असतं तो वेळ साधारण २० ते ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा-पन्नासावा भाग. त ला अडायला याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. याला टॅप म्हणतात. अमेरिकन माणूस 'वॉटर' म्हणतो आणि आपल्याला 'वारर' ऐकू येतं ना, तो त्याचा ट म्हणजे हाच टॅप, त्यांच्या कानाला ट आणि आपल्या कानाला र.

र्र ची गोष्टच वेगळी. त्यात जीभ टिचक्या मारतच नाही. फुग्याचं तोंड दोन बोटांनी ताणून हवा सोडली की पुर्रर्र वाजतं की नाही? बोटं हलवता का तुम्ही? नाही, बोटं नुसती ताण धरून असतात, हलवते ती हवा. जिभेचं तसंच, टोक सैलसर हिरडीजवळ ठेवायचं आणि मागून हवा सोडायची, हवेने टोक ढकललं जातं, मोकळं होतं, परत ओढलं जातं, परत ढकललं जातं, आणि हे सेकंदाला २५ ते ३० वेळा. विश्वास नसेल तर मुद्दाम स्नायूने जीभ हलवून टटटटट म्हणा जितक्या जोरात येईल तितकं, सेकंदाला सहा-सात वेळा झालं तरी खूप. पंचवीस वेळा कोणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून र्र हा लांबवलेला र नाहीच, तो वेगळ्या इंजिनावर चालतो. याला म्हणायचं ट्रिल.

आणि त्यामुळे त्याची लांबी ठोक्यात मोजायची. एक ठोका म्हणजे ३५-४० मिलिसेकंद. पेर्रो मधे साधारण दोन-तीन ठोके पडतात, म्हणजे सगळा मिळून ८० ते १०० च्या आसपास. दीड ठोका असला प्रकार नसतो.

ठिबकवाले भाऊ, तुम्ही र 'लांबवला' म्हणताय ना, तिथेच चुकतंय असं मला वाटतं. जीभ कडक करून लांबवला असणार. फुग्याचं तोंड फार ताणलं तर नुसती शिटी, फार सैल सोडलं तर फुस्स. लहानपणी खेळण्यातला ट्रॅक्टर ओसरीवर फिरवताना तोंडाने डुर्रर्र करत होतात की नाही? ती जीभ आठवा.

चोपडेकर_ठिबकवाला

ताई डुर्रर्र आला!! पण नुसता येतो. पे आणि ओ च्या मधे घालायला गेलं की ट्रॅक्टर बंद पडतो.

नाना_धुळे

ते सगळं खरं असेल ताई, पण मग तर्री मधे दोन र लिहितो ते काय खोटं लिहितो काय आपण. आणि तरी-तर्री हे उदाहरणच चुकीचं आहे, पुण्याकडे मिसळीवरच्या कटाला पण तरीच म्हणतात, एका र ची.

शहाद्याचा_बाळू

नाना एकदम चूक नाहीत, मी त्यांच्या बाजूने बोलतो. मी चार वर्षं आखातात होतो, एसीच्या कामावर. अरबीत नानांचाच नियम चालतो. दरसा म्हणजे शिकला, दर्रसा म्हणजे शिकवलं. मधलं अक्षर डबल केलं की अर्थ बदलला, आणि हे फक्त र चं नाही, कुठल्याही अक्षराचं आहे, अलिमा म्हणजे त्याला कळलं, अल्लमा म्हणजे त्याने शिकवलं. त्याला वर छोटी खूण पण असते, तिला शद्दा म्हणतात. म्हणजे तिथे र्र हा वेगळा र नाही, ल चा ल्ल होतो तसा र चा र्र होतो, फक्त र असल्यामुळे तो वाजताना थरथरतो.

आणि हा फरक मी अंगावर घेऊन शिकलेलो आहे. गेल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं किती शिकला, फॉर्म भरायचा होता. मला सांगायचं होतं दहावीपर्यंत शिकलो, म्हणजे दरस्त. मी भारदस्त वाटावं म्हणून चांगला जोर लावून म्हटलं दर्रस्त. म्हणजे दहावीपर्यंत शिकवलंय. तो पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला, मग हसला, आणि पुढची चार वर्षं मला तिथे सगळे उस्ताज म्हणायचे. पान्हा हातात आणि नाव मास्तर.

अमळनेरची_बोलीवेडी

बाळूदादा 😂 आणि नाना, माफ करा, तुमचं अर्धं बरोबर आहे हे मी आधीच म्हणायला हवं होतं. भाषा दोन तऱ्हेच्या आहेत. काहींत डबल र हा डबल त, डबल ल यांच्याच रांगेतला. अरबी त्यातली. इटालियन पण. तिथे गाय म्हणजे वाक्का, दोन क, आणि जमीन म्हणजे तेर्रा, दोन र. दोन्ही लॅटिनमधून जसेच्या तसे आलेत. फिनिश तर अजून पुढचं, तिथे वरस म्हणजे चोर आणि वर्रस म्हणजे सळई, पण त्यांचा एकटा र सुद्धा पुष्कळदा थरथरताच असतो, त्यामुळे फरक सगळा लांबीचा, इकडे ठोके कमी, तिकडे जास्त.

स्पॅनिश त्याच लॅटिनची लेक, पण तिने डबल अक्षरं टाकून दिली. लॅटिन वाक्का ची स्पॅनिश गाय झाली वाका, एकच क. बहुतेक जोड्या अशा मोडल्या, र ची मात्र राहिली. तेर्रा ची तिएर्रा झाली तरी र्र तसाच. म्हणजे बाकीच्या अक्षरांत लांब-आखूड हा हिशोबच संपला आणि र मधे मात्र जुना लांब र हा वेगळ्या जातीचा र म्हणून टिकून राहिला. घर पाडलं आणि एखादा खांब उभा ठेवला, असं. म्हणून तिथे 'दुप्पट धर' म्हणून भागत नाही, तिथे जात बदलावी लागते.

आपल्याकडे पण जोडी मोडलीच की. सप्त चं प्राकृतात सत्त आणि मराठीत सात. कर्म चं कम्म आणि मग काम. आपण एक अक्षर काढलं आणि त्याचा वेळ आधीच्या स्वराला देऊन टाकला, अ चा आ झाला. पंजाब्यांनी ठेवलं, ते अजून सत्त म्हणतात.

एरंडोलचे_गुरुजी

काम-सात निघालंच आहे तर र चं मी सांगतो, ३१ वर्षं संस्कृत शिकवलंय. जुन्या लोकांचा हिशोब मात्रेचा, ऱ्हस्व स्वर एक मात्रा, दीर्घ दोन, प्लुत तीन, आणि 'व्यञ्जनं चार्धमात्रकम्', व्यंजनाला अर्धी. आता र पुढे र आला तर दोन अर्ध्या मिळून एक व्हायला हवी, आणि र्र ऐकू यायला हवा. पण संस्कृत तो येऊच देत नाही. पाणिनीचं सूत्रच आहे 'रो रि', र पुढे र आला की आधीचा र गेला. आणि गेला तो फुकट जात नाही, आधीचा स्वर दीर्घ होतो. पुनर् अधिक रमते, पुना रमते. शंभुर् अधिक राजते, शंभू राजते. पोरं दरवर्षी विचारायची की गुरुजी शंभु ऱ्हस्व होता, इथे दीर्घ कसा झाला. त्या गेलेल्या र चा वेळ पोटात घेऊन बसलाय तो, म्हणून झाला.

म्हणजे संस्कृताला ट, त, ल ची जोडी चालते, पट्ट, उत्तम, मल्ल, र ची चालत नाही. मग आपल्या मराठीत र्र आला कुठून? तर्री, सर्रास, छर्रा, गर्रकन, भर्रकन, टर्र उडवणे, जर्रासं. बघा यात किती आवाजाचे आणि किती जोर देण्यासाठी ताणलेले. गरकन वळला आणि गर्रकन वळला, अर्थ तोच, वळण्याचा झटका जास्त. माझं मत असं की मराठीत र्र हा अजून पुरता अक्षर झालेला नाही, अर्धा हावभाव आहे.

जळगाव_डीटीपी

गुरुजी प्रणाम. हावभाव म्हणताय पण आमच्या धंद्यात र ने खूप त्रास दिलाय. दर्या आणि दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगराच्या. आचार्यांना नमस्कार आणि आचाऱ्यांना ॲडव्हान्स, एकाच लग्नाच्या हिशोबात दोन्ही येतात. आता हे पण वेळेचंच आहे ना? दर्या म्हणताना र आधीच्या द ला जाऊन चिकटतो, 'दर' वर जड थांबा पडतो आणि मग या. दऱ्या म्हणताना र पुढे य च्या गळ्यात पडतो आणि द हलका राहतो. ऱ्या असा झुबकेदार काढतो तो त्यासाठीच.

आणि एक गंमत, जी मला फॉन्ट बसवताना कळली. तो अर्धा ऱ्या युनिकोडमधे टाइप करायला जो नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरतात, तो मुळात तमिळ-मल्याळमचा कडक र नागरीत लिहिण्यासाठी म्हणून नोंदवलेला आहे. आपण त्याचा पाय मोडून आपलं काम भागवतो.

भुसावळ_लोकोशेड

डीटीपी भाऊ हे वाचून उडालोच. आमच्या रेल्वे क्वार्टरमधे शेजारी मल्याळी कुटुंब होतं, त्यांच्या पोराबरोबर मी लहानाचा मोठा झालो, आणि तो माझा र कायम दुरुस्त करायचा. त्यांच्यात कर म्हणजे काठ, नदीचा वगैरे, आणि कऱ म्हणजे डाग. एक हलका र, एक थरथरता. मी सांगायला जायचो 'तापीच्या काठावर' आणि म्हणायचो 'तापीच्या डागावर'. त्याची आई पदराआड हसायची. आणि त्यांच्यात हे डबलचं नाहीये बरं का, दोन्ही एकेकटी अक्षरं, वेगवेगळी लिहितात. तमिळमधे पण लिहायला दोन र आहेत पण बोलताना बहुतेक लोक एकच करतात असं त्यानेच सांगितलेलं, त्याचे वडील आधी इरोडला होते.

अमळनेरची_बोलीवेडी

दक्षिणेचं निघालंय तर निलगिरीतल्या तोडा लोकांची भाषा सांगायलाच हवी, त्यांच्यात जिभेच्या टोकाने थरथरणारे र तीन जागांचे आहेत, दातांकडचा, हिरडीवरचा आणि ण सारखा मागे वळवलेला, आणि प्रत्येकाचा परत य लागल्यासारखा एक जोडीदार. सहा झाले. पीटर लॅडफोगेड नावाचा ध्वनिशास्त्रज्ञ आणि त्याच्याबरोबरच्या लोकांनी ते मोजून ठेवलेत. आणि आपण एकावर रडतोय. (आपण खान्देशी लोकांनी तर ळ चा पण य करून टाकला, डोया, काया, र ला तेवढा कोणी हात लावला नाही.)

चोपडेकर_ठिबकवाला

मंडळी दोन दिवस गायब होतो, पण रिकामा नव्हतो. पुतणी इंजिनिअरिंगला आहे, तिने लॅपटॉपवर प्राट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, ॲमस्टरडॅमच्या लोकांनी केलेलं आहे, आवाज रेकॉर्ड केला की त्याचं चित्र दिसतं आणि माऊसने धरून मिलिसेकंद मोजता येतात. मग बसलो रात्री, फॅन बंद करून घामाघूम होत, कारण फॅनचा आवाज चित्रात येतो.

'आलास तरी' म्हटलं. काळ्या पट्ट्यात मधे एक बारीक पांढरी फट, कोणी नखाने ओरखडा काढावा तेवढी. मोजली, २४ मिलिसेकंद. ताईंनी सांगितलं तेवढीच, मला अंगावर काटा आला खरं सांगतो. मग 'जास्त तर्री टाक' म्हटलं. तीन फटी! शेजारी शेजारी, कंगव्याच्या दातांसारख्या. मला तर वाटत होतं मी नुसता जोर देतो, पण जीभ आपली आपण तीनदा आपटतेय आणि मला पत्ता नाही.

मग पेर्रो म्हटलं. एकपण फट नाही!! नुसता राखाडी धुरळा, १०० च्या वर मिलिसेकंद, लांबी भरपूर आणि ठोका शून्य. म्हणजे तीन आठवडे मी र लांबवत होतो आणि तो र नव्हताच. नाना, तुमचा सल्ला मी पाळत होतो बरं का, विचारायच्या आधीपासून.

नाना_धुळे

मी आपला जोडाक्षरापुरतं बोललो होतो.

अमळनेरची_बोलीवेडी

फार सुंदर केलंत हो. फक्त एक जोडते, त्या धुरळ्याला अगदी टाकाऊ समजू नका. सगळे स्पॅनिश बोलणारे पुस्तकातले तीन ठोके मारतात असं नाही. मेक्सिकोत वेराक्रूसकडे बोलताना पेर्रो मधे पुष्कळदा ठोके कमीच पडतात, एखादा पडतो आणि पुढे नुसती घसर, पण ती घसर लांब असते, आणि पण-कुत्रा हा फरक त्या लांबीवर निभावतो. पोर्तो रिकोत काही जण तो घशातूनच काढतात, म्हणजे तुमचा घशातला प्रयोग तिकडे कदाचित पास झाला असता. तुमचा मोबाईल स्पेनच्या मास्तरणीचा असावा.

आता एक करा, पेर्रो डोक्यातून काढून टाका. वेटरला हाक मारल्यासारखं 'तर्री' म्हणा, मग त काढून प लावा, पर्री, मग पेर्री, मग पेर्रो. एकेक स्वर बदला, जीभ बदलू नका.

चोपडेकर_ठिबकवाला

हिरवी!!! हिरवी आली!!! तर्री पर्री पेर्री पेर्रो. बायको उठली, पण काही बोलली नाही, बघितलं आणि परत झोपली.

आता पुढचा पेच. धडा पुढे गेला तर त्यात रोसा नावाची बाई आणि एनरिके नावाचा माणूस. लिहिलंय एकच र पण मास्तरीण म्हणतेय र्रोसा, एन्‌र्रिके, आणि माझ्या साध्या र ला परत लाल फुली. मग दोन र लिहीत का नाहीत? आणि शब्दाच्या सुरुवातीलाच र्र कसा काढायचा, आधी हवा भरायला जागाच नाही, तर्रीत निदान त तरी असतो.

अमळनेरची_बोलीवेडी

कारण तिथे निवडीचा प्रश्नच नाही. साधा का थरथरता हा फरक ते फक्त दोन स्वरांच्या मधे करतात. शब्दाच्या सुरुवातीला आणि न, ल, स च्या नंतर कायम थरथरताच, मग दोनदा लिहून शाई कशाला घालवायची. आता सुरुवातीचा र्र, हे खरं आहे की मराठीत असा एकपण शब्द मला सुचत नाहीये. गुरुजी?

एरंडोलचे_गुरुजी

नाही. शब्द नाही.

भुसावळ_लोकोशेड

शब्द नसेल, र्र आहे. ठिबकवाले भाऊ, सकाळी सातला भुसावळ स्टँडच्या बाहेर येऊन उभे रहा, काळीपिवळीवाला एक पाय फुटबोर्डवर ठेवून काय ओरडतो ते ऐका. फैजपूर, सावदा, र्रावेर र्रावेर र्रावेर र्रावेर! प्राट घेऊन या, पाच-सहा फटी नक्की पडतील.